कोपनहेगनमध्ये फिरताना: मेट्रो, बस, टॅक्सी आणि सायकल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला येणारी मुलं, काही महिन्यांच्या प्रोजेक्टवर येणारी आयटीतली मंडळी आणि उन्हाळ्यात लेकीकडे-मुलाकडे राहायला येणारे आईवडील यांच्याकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. भाडी दरवर्षी बदलतात, म्हणून नेमके आकडे फार दिलेले नाहीत. निघण्यापूर्वी ‘रायसेप्लानेन’ या सरकारमान्य ॲपमध्ये कुठून कुठे जायचं ते टाका. गाडी, वेळ, झोन आणि भाडं सगळं त्यात दिसतं.

१. शहरात फिरायला नक्की काय काय आहे?

मेट्रो, एस-टोग म्हणजे उपनगरी गाड्या, लांब पल्ल्याच्या आणि प्रादेशिक रेल्वेगाड्या, पिवळ्या बस आणि बंदरातून चालणारी पाण्यावरची बस. या सगळ्यांना एकच तिकीट चालतं. मेट्रोतून उतरून बस धरली तरी तिकिटाची वेळ संपेपर्यंत नवं तिकीट लागत नाही.

मेट्रो २००२ साली सुरू झाली. ती चालकाविना धावते, त्यामुळे सगळ्यात पुढे बसलं की बोगदा समोरून दिसतो. मुलांना ती जागा मिळवून द्याच. एम१ आणि एम२ या जुन्या मार्गिका आहेत. २०१९मध्ये एम३ हा १७ स्थानकांचा वर्तुळाकार मार्ग आला. त्याची एक फेरी साधारण २४ मिनिटांत पूर्ण होते. एम४ त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाली आणि २०२४मध्ये दक्षिणेकडे वाढली. एस-टोग मात्र १९३४पासून आहेत. मुंबईत लोकल जे काम करते ते इथे एस-टोग करतात, फक्त दाराला लटकणारं कुणी नसतं.

२. विमानतळावरून शहरात यायला मेट्रो बरी की ट्रेन?

दोन्हींचं तिकीट एकच, वेळही जवळपास सारखाच, पंधरा मिनिटांच्या आसपास. उतरायचं कुठे यावर ठरवा. मुख्य रेल्वे स्टेशन, टिवोली हे करमणूक उद्यान किंवा वेस्टरब्रो भागात हॉटेल असेल तर ट्रेन. ती थेट मुख्य स्टेशनला जाते. कोंगेन्स न्यूटॉर्व, न्यूहाव्न, नॉरपोर्ट किंवा फ्रेडरिक्सबर्गला जायचं असेल तर एम२ मेट्रो. मेट्रोने मुख्य स्टेशन गाठायचं तर कोंगेन्स न्यूटॉर्वला उतरून एम३ किंवा एम४ पकडावी लागते, आणि मोठ्या बॅगा असतील तर ही बदलाबदली त्रासाची होते.

मेट्रो टर्मिनल ३च्या टोकाला आहे, ट्रेनचे फलाट त्याच इमारतीखाली आहेत. ट्रेन घेताना एक काळजी घ्या: त्याच स्टेशनवरून स्वीडनकडेही गाड्या सुटतात. फलाटावरच्या पाटीवर कोपनहेगनचं नाव आहे ना, ते वाचूनच चढा. घाईत चुकीच्या गाडीत बसलात तर पुढचं स्टेशन समुद्रापलीकडे, दुसऱ्या देशात आहे.

३. झोनचं गणित समजत नाही. मला किती झोनचं तिकीट लागेल?

राजधानीचा परिसर झोनमध्ये विभागलेला आहे. शहराचा मध्य झोन १मध्ये, विमानतळ झोन ४मध्ये. कमीत कमी तिकीट दोन झोनचं मिळतं आणि शहराच्या आतल्या फिरण्याला ते बहुतेक वेळा पुरतं. विमानतळ ते शहराचा मध्य यासाठी तीन झोनचं लागतं.

गोंधळ होतो तो झोनच्या क्रमांकामुळे. झोन ४ला जायचं म्हणून चार झोनचं तिकीट, असं नसतं. वाटेत किती झोन पार केले ते मोजायचं. आणि हे मोजण्यात वेळ घालवूच नका. यंत्रात किंवा ॲपमध्ये सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण टाका, ते स्वतः मोजतं.

४. तिकीट कुठे काढायचं? भारतातलं कार्ड आणि यूपीआय चालतं का?

स्टेशनवरची यंत्रं किंवा डॅनिश रेल्वेचं म्हणजे डीएसबीचं ॲप. व्हिसा आणि मास्टरकार्ड चालतात. यूपीआय इथे चालत नाही. स्थानिक लोक ज्या ‘मोबाइलपे’ने पैसे देतात, त्याला डॅनिश बँक खातं लागतं, त्यामुळे चार दिवसांच्या पाहुण्यांना त्याचा उपयोग नाही.

भारतात नवीन कार्डांवर परदेशातले व्यवहार सुरुवातीला बंद ठेवलेले असतात. विमानात बसण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, दुकानातले आणि ऑनलाइन असे दोन्ही. विमानतळावरच्या यंत्रासमोर कार्ड नाकारलं गेलं की मागे रांग वाढते आणि माणूस गांगरतो. शक्य असेल तर दोन वेगळ्या बँकांची कार्डं जवळ ठेवा.

तिकीट गाडीत चढण्यापूर्वीच हवं. चढल्यावर ॲप उघडून काढलेलं तिकीट ग्राह्य धरत नाहीत.

५. सिटी पास घ्यावा, कोपनहेगन कार्ड घ्यावं की सुटी तिकिटं काढावीत?

दिवसात तीन-चार वेळा तरी गाडीत चढणार असाल तर सिटी पास. छोटा पास झोन १ ते ४साठी असतो, त्यात विमानतळही येतो. मोठा पास झोन १ ते ९९ म्हणजे राजधानीचा सगळा परिसर धरतो. हेल्सिंगोरचा क्रोनबोर्ग किल्ला, रोस्किल्डे, हुमलेबेकचं लुइझियाना संग्रहालय असा बेत असेल त्या दिवशी मोठा घ्या. दोन्ही २४ ते १२० तासांपर्यंत मिळतात आणि तास मोजून चालतात. दुपारी दोनला सुरू केलेला २४ तासांचा पास दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालतो.

कोपनहेगन कार्डात प्रवासाबरोबर अनेक संग्रहालयांचा आणि टिवोलीचा प्रवेश येतो, पण ते बरंच महाग आहे. दिवसाला तीन ठिकाणं आतून बघणारे असाल तरच ते वसूल होतं. वयस्कर आईवडिलांबरोबर आरामात एखादं ठिकाण बघून कालव्याकाठी बसायचं असेल तर साधा सिटी पास पुरे. एका जागेहून दुसऱ्या जागी पायी जाता येतं असंच हे शहर आहे, त्यामुळे काही दिवशी दोन सुट्या तिकिटांतही भागतं.

६. स्टेशनवर गेटच नाही. मग तिकीट तपासतं तरी कोण?

तपासनीस येतात, कधीही, कुठेही. ते सौजन्याने बोलतात आणि दंड मात्र पूर्ण लावतात. तो दंड तिकिटाच्या कितीतरी पट असतो. ‘मी पाहुणा आहे, मला माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. चुकीच्या झोनचं तिकीट, वेळ संपलेलं तिकीट, बॅटरी संपल्यामुळे न दाखवता आलेलं तिकीट, या सगळ्यांना विनातिकीटच धरतात. म्हणून फोन चार्ज असू द्या, निदान छोटी पॉवरबँक बाळगा.

इथे लोकांना अडवणारी फाटकं नाहीत, कारण प्रवासी तिकीट काढूनच येईल असं व्यवस्थेने गृहीत धरलं आहे. आपण इथे राहायला, शिकायला आलो असू तर तो विश्वास जपणं हे आपलंही काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

७. रायसेकॉर्ट म्हणजे काय? चेक-आउट विसरलं तर?

इथे राहणाऱ्यांची नेहमीची सोय. चढताना चेक-इन, प्रवास संपला की चेक-आउट, आणि मधल्या अंतराचे पैसे कापले जातात. पूर्वी हे प्लॅस्टिकच्या कार्डावर चालायचं, आता ते बहुतेक ॲपवर गेलं आहे. ॲपमध्ये बोट सरकवून प्रवास सुरू करायचा आणि संपल्यावर तसाच बंद करायचा. विसरलात तर फोनच्या हालचालीवरून ॲप आठवण करून देतं, पण त्यावर विसंबून राहू नका.

रोज एकाच मार्गाने कामावर जाणाऱ्यांना ‘पेंडलरकॉर्ट’ हा महिन्याचा पास बहुधा स्वस्त पडतो. विद्यार्थ्यांसाठी प्रश्न १९ पाहा.

८. मुलांचं तिकीट काढावं लागतं का? बाबागाडी आणि बॅगा?

तिकीट किंवा पास असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाबरोबर १२ वर्षांखालची दोन मुलं फुकट येतात. १२ ते १५ वर्षांच्या मुलांना मुलांच्या दराचं तिकीट लागतं. बाबागाडीचे आणि बॅगांचे पैसे पडत नाहीत.

९. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. जिने किती चढावे लागतील?

मेट्रोच्या सगळ्या स्थानकांवर लिफ्ट आहे आणि फलाट व डबा एका पातळीत आहेत. म्हणून वयस्कर माणसांबरोबर शक्यतो मेट्रोच धरा, थोडा वळसा पडला तरी. बसही थांब्यावर खाली झुकते. उलट प्रादेशिक ट्रेनच्या काही डब्यांना पायऱ्या असतात.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवा: जागा लागली तर मागावी. आपणहून उठणारे इथे भेटतात, पण फोनमध्ये डोकं घातलेल्या तरुणालाही विचारलं तर तो लगेच उठतो.

१०. बसमध्ये कसं चढायचं? आणि ती बंदरातली बस खरोखर बसच्या तिकिटात?

साध्या बसमध्ये पुढच्या दाराने चढा, मधल्या दाराने उतरा, उतरण्यापूर्वी बटण दाबा. नावात ए असलेल्या बस शहरात वारंवार येतात, एस असलेल्या कमी थांबे घेत लांब जातात, एन असलेल्या रात्रीच्या. विमानतळावरून शहरात येणारी ५सी स्वस्त नाही आणि जलदही नाही, पण ती ज्या वस्त्यांतून जाते तिथे तुमचं घर असेल तर दारात सोडते.

बंदरातली बस, क्रमांक ९९१ आणि ९९२, खरोखर त्याच तिकिटात. २०२०पासून तिथे विजेवरच्या पिवळ्या बोटी आहेत. रेफशालेओयन, ऑपेरा, न्यूहाव्न, ‘काळा हिरा’ म्हणून ओळखलं जाणारं राजग्रंथालय असं करत ती दक्षिणेला जाते. पर्यटकांच्या महागड्या बोटीत गाईड बोलतो, इथे कुणी बोलत नाही, एवढाच फरक. स्वच्छ ऊन असेल त्या संध्याकाळी आईवडिलांना यात नक्की बसवा. उन्हाळ्यात गर्दीमुळे कधी बोट भरून निघून जाते, तेव्हा पुढच्या फेरीइतका वेळ हाताशी ठेवा.

११. रात्री उशिरा विमान उतरतं. गाडी मिळेल?

मिळेल. मेट्रो आठवड्याचे सातही दिवस चोवीस तास चालते, दिवसा दोन-चार मिनिटांनी, रात्री थोड्या जास्त अंतराने. एस-टोग मध्यरात्रीनंतर थांबतात, फक्त शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री चालू राहतात. इतर रात्री उपनगरात जायचं असेल तर एन बस. देखभालीसाठी मेट्रोचा एखादा भाग रात्री बंद असतो, तेव्हा बदली बस सोडतात, म्हणून रायसेप्लानेन बघून निघा.

१२. टॅक्सी कधी करावी? घासाघीस करायची का? उबर आहे का?

भाडं मीटरने, त्यामुळे घासाघीस नाही आणि फसवणुकीची भीतीही फारशी नाही. टिप द्यावी लागत नाही. प्रत्येक टॅक्सीत कार्ड चालतं. विमानतळावरून शहराच्या मध्यात यायला साधारण तीनशे क्रोनरच्या आसपास, रात्री आणि शनिवार-रविवारी जास्त. चौघं जण आणि चार मोठ्या बॅगा असतील, किंवा पहाटे वयस्कर माणसं बरोबर असतील तर टॅक्सी जरूर करा. एकट्याने करायची गरज क्वचितच पडते.

नवीन टॅक्सी कायद्यातल्या अटींमुळे उबरने २०१७मध्ये डेन्मार्क सोडलं होतं. आता ती परतली आहे, पण परवानाधारक टॅक्सींशी जोडून. म्हणजे ॲपवरून बोलावली तरी येते ती टॅक्सीच. सायकल घेऊन अडकलात तर मागे सायकल अडकवायची सोय असलेली टॅक्सी मागवता येते, थोडे जादा पैसे पडतात.

१३. मी लहानपणापासून सायकल चालवतो. इथेही चालवू ना?

चालवा, पण पहिल्या दिवशी सकाळी आठला नको. क्वीन लुईस पुलावरून रोज चाळीस हजारांहून जास्त सायकली जातात. एवढ्या गर्दीत चालवण्याची आपल्याला सवय नसते, मग कितीही वर्षं चालवली असो. रविवारी सकाळी एखाद्या शांत भागात तासभर सराव करा.

पहिली अडचण: इथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. सरळ रस्त्यावर ते लक्षात राहतं, पण चौकात वळल्यावर आणि गल्लीतून बाहेर पडल्यावर हात-पाय जुन्या सवयीने डावीकडे जातात. सायकलच्या मार्गावर उलट दिशेने जाणं धोक्याचं आहे आणि दंडही होतो.

दुसरी: मार्गाच्या उजव्या कडेने चालवा, डाव्या बाजूने लोक ओलांडून जातात. मागून घंटी वाजली तर ती रागाची नसते, ‘मी येतोय’ एवढंच तिचं सांगणं असतं. तिसरी: मध्येच थांबून नकाशा बघू नका. फूटपाथवर सायकल चालवायची नाही, उतरून हातात धरून न्यायची. स्ट्रॉयेट या पायी चालण्याच्या बाजारपेठेतही तसंच.

१४. डावीकडे वळायचं कसं? सगळे पुढे जाऊन थांबतात ते का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि तो विचारायलाच हवा. इथे सायकलस्वार गाड्यांच्या मध्ये घुसून डावीकडे वळत नाही. हिरवा दिवा असताना उजव्या कडेनेच सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं, सायकल डावीकडे फिरवायची आणि त्या दिशेचा दिवा हिरवा झाला की निघायचं. म्हणजे एक वळण दोन टप्प्यांत.

थांबण्यापूर्वी हात वर करा. उजव्या हाताचा तळवा पुढे करून खांद्याइतका उचलला की मागच्याला कळतं की हा थांबतोय. उजवीकडे वळायचं तर उजवा हात आडवा. खूण न करता अचानक थांबणं हे इथे सगळ्यात मोठं बेजबाबदारपण मानतात, आणि बरोबरच आहे, कारण मागे दहा सायकली असतात.

लाल दिव्याला उजवीकडे वळायलाही परवानगी नाही, तशी वेगळी पाटी असेल तरच. रस्त्यावर पांढरे त्रिकोण ओळीने रंगवलेले दिसले की समोरच्याला आधी जाऊ द्यायचं.

१५. बस थांबली आणि लोक थेट सायकलच्या मार्गावर उतरले तर कोण थांबणार?

तुम्ही. प्रवासी सरळ सायकलमार्गावर उतरत असतील तर सायकल थांबवायचीच. मधे उतरण्यासाठी वेगळा कट्टा असेल तर मात्र सायकलला प्राधान्य असतं आणि प्रवासी कट्ट्यावर थांबतात.

१६. सगळ्यात मोठा धोका कशाचा?

उजवीकडे वळणाऱ्या ट्रकचा. सरळ जाणाऱ्या सायकलला आधी जाऊ देणं चालकावर बंधनकारक आहे, पण उंच केबिनमधून त्याला शेजारी खाली काय आहे ते दिसत नाही. या शहरातले वाईट अपघात याच प्रकारचे असतात. सिग्नलला ट्रक उभा असेल तर त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहू नका. मागेच थांबा. आपल्या बाजूने नियम आहे म्हणून पुढे घुसू नका. आपल्या मुलांना सायकल देताना बाकी काही सांगायचं राहिलं तरी चालेल, हे सांगायचं राहू देऊ नका.

१७. हेल्मेट, दिवे, डबलसीट, ई-स्कूटर यांचे नियम काय?

सायकलवर मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला. ई-स्कूटरवर २०२२पासून सक्ती आहे. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे दिवे दिवसाही खिशात असावेत. चालवताना फोन हातात धरला तर दंड.

डबलसीट चालत नाही. जेवढ्या माणसांसाठी सायकल बनवली आहे तेवढीच बसू शकतात. मुलांसाठी मागची खुर्ची किंवा पुढे मोठी पेटी असलेली मालवाहू सायकल वापरतात. मुलं शाळेत नेण्यापासून किराण्यापर्यंत सगळं त्यात होतं.

१८. सायकल भाड्याने घ्यावी की विकत? ट्रेनमध्ये नेता येते का?

चार दिवसांसाठी ॲपवर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकली ठीक. ‘डाँकी रिपब्लिक’च्या केशरी सायकली जागोजागी दिसतात. काही महिने राहणार असाल तर ‘स्वॅपफीट्स’सारखी महिन्याची वर्गणी सोयीची, दुरुस्ती त्यातच येते. वर्षभर राहायचं असेल तर जुनी विकत घ्या. घेण्यापूर्वी सांगाड्यावरचा क्रमांक पोलिसांच्या संकेतस्थळावर तपासा, म्हणजे चोरीची सायकल गळ्यात पडणार नाही. क्रमांक खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

बऱ्याच सायकलींचा मागचा ब्रेक पायात असतो: पॅडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपल्याकडे सिग्नलला पॅडल मागे फिरवून नीट करायची सवय असते, ती इथे चालत्या सायकलवर केली तर झटका बसतो.

एस-टोगमध्ये २०१०पासून सायकल फुकट नेता येते. सायकलचं चित्र असलेल्या दारातून चढा. नॉरपोर्ट हे सगळ्यात गजबजलेलं स्टेशन, तिथे गर्दीच्या वेळी सायकल घेऊन चढ-उतार करू नका. मेट्रोत सायकलचं वेगळं तिकीट लागतं, आणि कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ व दुपारी ३.३० ते ५.३० या वेळात नेता येत नाही. जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये ही वेळेची बंदी नसते.

१९. डीटीयूला प्रवेश मिळाला आहे. घर शहरात घेतलं तर रोज जमेल?

जमेल. डीटीयूचा म्हणजे डेन्मार्कच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा मुख्य परिसर ल्युंगबी या उपनगरात आहे आणि नॉरपोर्टहून १५०एस बस तिथे थेट जाते. सायकलनेही अनेक जण जातात, मार्ग चांगला आहे, पण वाऱ्याचा अंदाज घेऊनच ठरवा. पात्र विद्यार्थ्यांना ‘युंगडॉम्सकॉर्ट’ हा सवलतीचा पास मिळतो. त्यासाठी डॅनिश ओळख क्रमांक आणि मिट-आयडी म्हणजे इथली डिजिटल ओळख हवी, म्हणून ते हाती येईपर्यंत पहिले काही आठवडे प्रश्न ४ आणि ७मधल्या वाटेने काढा.

२०. बर्फ पडल्यावर सायकल बंद ठेवायची का?

इथले लोक ठेवत नाहीत. महापालिका सायकलमार्गांवरचा बर्फ लवकर हटवते आणि मीठ टाकते, बऱ्याचदा गाड्यांच्या रस्त्याआधी. त्रास बर्फापेक्षा ओल्या वाऱ्याचा होतो. वाऱ्यापासून वाचवणारे हातमोजे आणि पावसाळी पँट घेतली की बहुतेक दिवस निघतात. पुलांवर मात्र उतार जपून उतरा. पहिल्या हिवाळ्यात एखाद्या सकाळी मन धजावलं नाही तर सरळ मेट्रो पकडा.

२१. माल्मोला जाऊन संध्याकाळी परत यायचं आहे. तोच पास चालेल? व्हिसा?

डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणारा ओरसुंड पूल २०००मध्ये झाला आणि तेव्हापासून ही सहल सोपी आहे. मुख्य स्टेशनवरून स्वीडनमधलं माल्मो सुमारे ३५ ते ४० मिनिटांवर. सिटी पास मात्र विमानतळापर्यंतच चालतो, पुलासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं.

स्वीडनही शेंगेन या सामायिक व्हिसाच्या देशांत आहे, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी जाऊन येता येतं. पण पासपोर्ट बरोबर हवाच, फोनमधला फोटो पुरत नाही. सीमेवर तपासणी होते आणि ती झाली की गाडीला उशीर होऊ शकतो. त्याच संध्याकाळी भारताचं विमान असेल तर माल्मो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.